पोर्तुगीज रेवदंडा कशाने संपला?

अलिबागमार्गे काशीद-मुरूडला निघालेले पुणेकर दर शनिवार-रविवारी एका पोर्तुगीज शहरातून जातात, पण बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. चौल सोडले की रस्ता तट भेदून रेवदंड्याच्या कोटात शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांत घरे, आणि माडांच्या वर डोके काढून उभा असलेला, वरचे मजले ढासळलेला सातखणी मनोरा. एखाद्या जाणत्याने गाडी थांबवलीच, तर खुलासा ठरलेला असतो: चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याच धडाक्यात रेवदंडाही पडला आणि तेव्हाच हे भग्न झाले. हा खुलासा आपल्या अभिमानाला सोयीचा आहे, पण निम्माच खरा आहे. रेवदंड्यावरचे निशाण मराठ्यांमुळे उतरले. शहर मात्र त्याआधीच बसले होते, आणि ते बसवले बाजाराने.

मुळात हे शहर पोर्तुगीजांनी जिंकलेले नव्हे, परवानगीने वसवलेले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना झोडपले. व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो तिथेच मारला गेला. तरी पुढे १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने त्यांना कोट बांधू दिला. कारण व्यवहारी होते. चौल हे अहमदनगरच्या राज्याचे बंदर. घोडे समुद्रमार्गे यायचे, घाटावरचा माल इथून जहाजांवर चढायचा, आणि समुद्र पोर्तुगीजांच्या हाती होता. म्हणून वरच्या चौलात निजामशाही अंमल आणि व्यापारी-विणकरांची वस्ती, तर खालच्या चौलात, म्हणजे रेवदंड्यात, पोर्तुगीज वखार, कोट आणि चर्चे, अशी जोडवस्ती उभी राहिली. पुणे परगणाही तेव्हा निजामशाहीतच होता. आपल्याच मुलखाचे हे बंदर, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

आता तोफांच्या जोराची परीक्षा करू. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने प्रचंड फौजेनिशी रेवदंड्याला वेढा घातला. गावाभोवती पुरता तटही नव्हता. घरे आणि मठ हेच मोर्चे झाले. कित्येक महिने मारा सोसून शहराची चाळण झाली. तरी ते टिकले, तह झाला, आणि त्यानंतरच्या काळात रेवदंड्याने भक्कम तट बांधून घेतला. १५९४ मध्ये तर खाडीपलीकडचा, निजामशहा बांधत असलेला कोर्लईचा डोंगरी कोटही पोर्तुगीजांनी घेतला. म्हणजे इतक्या मारानंतरही शहर पुन्हा भरले, कारण बंदरामागचा मुलूख आणि त्याचा व्यापार शाबूत होता.

१६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि बंदराच्या पाठीमागचे राज्यच नाहीसे झाले. १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला देऊन टाकली, १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, आणि चौलचे विणकरसुद्धा मुंबईची वाट धरू लागले. उत्तरेला कुलाब्याला आंग्र्यांचे आरमार बसले. याचा परिणाम अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश दर्यावर्दीने नोंदवला आहे. १७२७ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात चौल म्हणजे एके काळी भरतकाम केलेल्या उंची रजयांसाठी नावाजलेले, पण आता कमालीचे दरिद्री झालेले गाव आहे. रजया विणणारे हात आणि त्या विकत घेणारे गिऱ्हाईक, दोन्ही तिथून निघून गेले होते. वसई पडायला अजून बारा वर्षे होती.

यावर पहिला आक्षेप असा की १७३९ मध्ये मराठी फौजा इथे येऊन भिडल्याच होत्या, मग श्रेय बाजाराला का? फौजा होत्या आणि त्यांचा दाबही खरा होता. वसई गेल्यावर रेवदंडा राखणे पोर्तुगीजांना परवडणारे नव्हते. पण शेवट कसा झाला ते पाहा. सप्टेंबर १७४० मध्ये, इंग्रजांच्या कॅप्टन इंचबर्डच्या मध्यस्थीने पेशव्यांशी झालेल्या तहात पोर्तुगीजांनी रेवदंडा आणि कोर्लई देऊन टाकले आणि बदल्यात गोव्यातल्या साष्टीवरचे मराठी सैन्य मागे घेववले. १५७१ मध्ये ज्या शहरासाठी ते घराघरातून लढले, तेच आता सौद्यात सोडण्याजोगे ठरले होते. पराक्रमाचे मोल यामुळे उणावत नाही. पण रेवदंडा पुन्हा का उभा राहिला नाही, याचे उत्तर पराक्रमात सापडत नाही. वसईत पेशव्यांनी आपल्या कारभाराचे ठाणे ठेवले. चौलच्या बंदराची गरज त्यांना उरली नव्हती, कारण व्यापार मुंबईकडे वळला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पोर्तुगीजांच्या धर्मछळानेच व्यापारी पळाले नाहीत का? १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायपीठ होते आणि त्याची दहशत खोटी नव्हे. परंतु चौलचे हिंदू-मुसलमान व्यापारी मुख्यतः वरच्या चौलात, पोर्तुगीज अंमलाबाहेर राहत. छळाने शहर किती आकसले असेल ते असो. ते न्यायपीठ आल्यावरही कित्येक दशके चौलची भरभराट चालू होती, हे विसरता येत नाही.

व्यापार आणि सत्ता गेली तरी माणसे मात्र सगळी गेली नाहीत. १७४० नंतर पोर्तुगीज अधिकारी आणि धनिक निघून गेले. गरीब स्थानिक ख्रिस्ती कोर्लईच्या पायथ्याशी राहिले. पाद्री असले तरी राजसत्ता नाही, शाळा नाहीत, अशा स्थितीत त्यांनी पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली आपली बोली पिढ्यानपिढ्या जपली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिचा सविस्तर अभ्यास केला. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास असतील. आपण दगड पाहायला जातो, आणि त्या काळाचा सर्वांत जिवंत अवशेष रस्त्याकडेच्या कोळंबी-थाळीच्या पाटीमागे शेजाऱ्याशी बोलत असतो.

म्हणून जायचेच असेल तर क्रम पाळा. आधी चौलचे रामेश्वर आणि तिथली जुनी वस्ती पाहा, म्हणजे बंदर कोणाच्या जिवावर चालत होते ते ध्यानात येईल. मग रेवदंड्याचा तट, आणि शेवटी साळावचा पूल ओलांडून कोर्लई. किल्ला चढून आल्यावर गावातही थोडे थांबा. काशीदचा किनारा अर्धा तास उशिरा गाठला तरी चालतो.