मुंगसाची गोष्ट फ्रान्सला पोहोचली तेव्हा

जर्मनीतल्या हाइस्टरबाख मठात एका सणाच्या दिवशी मठाधिपती गेवार्ड प्रवचन करत होते. समोरचे कित्येक साधू पेंगत होते, काही तर घोरत होते. गेवार्ड मधेच थांबले आणि म्हणाले, आर्थर नावाच्या राजाची एक नवी गोष्ट ऐका. क्षणात सगळे ताठ बसले. गोष्ट त्यांनी पुढे सांगितलीच नाही. देवाबद्दल बोलताना झोपता आणि राजाचं नाव काढताच जागे होता, म्हणून सगळ्यांची कानउघाडणी केली. त्याच मठातल्या सीझेरियस यांनी हा प्रसंग आपल्या ग्रंथात टिपून ठेवला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या त्या ग्रंथात एक गुरू नवशिक्या साधूला सातशेहून अधिक गोष्टी सांगतो.

गेवार्ड रागावले खरे, पण त्या शतकाने गोष्टीलाच जवळ केलं. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने बिशपांना उपदेशासाठी लायक माणसं नेमायला सांगितलं. त्याच सुमारास डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन संघ उभे राहिले आणि त्यांचे धर्मबंधू गावोगाव बोलू लागले. समोर शेतकरी, कारागीर, व्यापारी, मोलकरणी. लॅटिन न कळणाऱ्या या माणसांच्या मनात उपदेश रुजायचा तर दृष्टांत हवाच होता. मग दृष्टांतांचे संग्रह निघाले. लिएजच्या आर्नोल्ड यांनी तर विषय वर्णानुक्रमे लावले, म्हणजे लोभावर बोलायचं असेल तर लोभाची गोष्ट लगेच हाताशी.

या गोष्टी आल्या कुठून? संतचरित्रांतून, प्रवासातून, ऐकीव बातम्यांतून. आणि बऱ्याच आपल्याकडूनही. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत गेलं, आठव्यात अरबीत, आणि तिथून त्यातल्या कथा युरोपभर पसरल्या. सातूच्या पिठाच्या मडक्याकडे बघत संसार रचणारा आपला ब्राह्मण याक द व्हित्री या बिशपांच्या प्रवचनात दुधाचं भांडं घेऊन बाजारात निघालेली म्हातारी झाला. बुद्धाचं चरित्रही असंच फिरत फिरत ‘बार्लाम आणि योसाफात’ या ख्रिस्ती कथेत पोहोचलं, आणि हे दोघे चर्चच्या संतांच्या यादीत जाऊन बसले.

मुंगसाच्या गोष्टीचा प्रवास मात्र सर्वांत विलक्षण. बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाला आई रागाच्या भरात मारते, हे आपण लहानपणीच ऐकलेलं असतं. पश्चिमेकडे जाता जाता मुंगसाचा कुत्रा झाला. डॉमिनिकन धर्मबंधू एतिएन द बुर्बाँ यांना तो भेटला लियाँजवळच्या दोंब भागात. तिथे पापनिवेदन ऐकताना बाया सांगू लागल्या, की आजारी मुलांना आम्ही संत गिनफोरकडे नेतो. एतिएन यांना वाटलं, असेल कुणी संत. चौकशी केली तर तो निघाला शिकारी कुत्रा. पाळण्याजवळ आलेल्या सापाला त्याने मारलं, रक्त पाहून मालकाने त्यालाच ठार केलं, आणि चूक कळल्यावर गढीसमोरच्या विहिरीत टाकून वर दगड रचले, भोवती झाडं लावली. पुढे गढी ओस पडली. गावकरी मात्र कुत्र्याला हुतात्मा मानून तिथे जात राहिले. आया मीठ वाहत, बाळाला दोन खोडांच्या मधून पलीकडे देत, जवळच्या शालारोन नदीत नऊ वेळा बुडवत.

एतिएन यांनी कुत्र्याची हाडं उकरून जाळली, झाडं तोडायला लावली आणि तिथे जाणाऱ्यांची मालमत्ता जप्त होईल असं तिथल्या सरदारांकडून जाहीर करवलं. मग हा सगळा प्रकार अंधश्रद्धेवरचा दृष्टांत म्हणून आपल्या संग्रहात घातला. सुमारे तीन हजार गोष्टींचा तो संग्रह १२६१ च्या सुमारास त्यांच्या मृत्यूने अपुरा राहिला.

एकच गोष्ट आपल्याकडे अविचाराने वागू नका असं शिकवते आणि दोंबमधल्या आयांना ती आधार देत होती. तान्ही मुलं सहज दगावत त्या काळात बाळासाठी जीव टाकणाऱ्या प्राण्याकडे त्यांनी धाव घेतली, यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकातही बाया त्या रानात जात असल्याची नोंद आहे. १९७९ साली फ्रेंच इतिहासकार झाँ-क्लोद श्मिट यांनी या पंथावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांचा मुख्य आधार होता एतिएन यांचाच दृष्टांत.