जांबे व्हाया न्यू जर्सी

आमचा मुलगा न्यू जर्सीला राहतो हे साऱ्या जांब्याला ठाऊक आहे. पण न्यू जर्सी म्हणजे नेमके काय, याबाबत गावात एकमत नाही. शेजारच्या तात्यांच्या गोठ्यात गेली वीस वर्षे जर्सी गायी आहेत. हिंजवडीतल्या कंपनीने मुलाला तिकडे पाठवायचे ठरवले, त्याचे पेढे घेऊन मी गेलो, तेव्हा तात्यांनी पेढा तोंडात टाकला आणि अगदी आपुलकीने विचारले, "मास्तर, म्हंजे आता पोरगं दुधाच्या धंद्यात पडणार म्हणा की!"

मी एकतीस वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवला आहे. अज्ञान दिसले की ते दूर करण्यासाठी माझा हात आजही नकळत खडू शोधू लागतो. मी म्हणालो, "तात्या, गाय आली ती जर्सी बेटावरून. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात आहे ते. हिवाळ्यात अंगात घालतो ती जर्सीसुद्धा त्याच बेटाची. मुलगा जातोय ती न्यू जर्सी. ती अमेरिकेत."

तात्यांनी मान डोलावली. "म्हंजे नवी जात. जुनीपरीस दूध जास्त देत आसंल."

मी दुसरा पेढा पुढे केला आणि विषय संपवला. खरे सांगायचे तर माझे स्वतःचे ज्ञान तरी कुठे फार पुढे होते? फ्रेंच राज्यक्रांती मला तारीखवार पाठ. पण पोटचा पोर जिथे राहतो त्या राज्याबद्दल मला एवढेच माहीत होते, की तिथे आपल्याकडे सकाळ झाली की रात्र असते आणि रात्री फोन केला की मुलगा कामात असतो.

हे अज्ञान असेच सुखाने नांदले असते; पण नात चौथीत गेली.

आपल्याकडे चौथीच्या मुलांना शिवछत्रपतींचा इतिहास असतो. नातीच्या शाळेत चौथीला न्यू जर्सीचा इतिहास निघाला. त्यावर एक प्रोजेक्ट करायचा होता. प्रोजेक्ट म्हणजे मुलांनी करायचा, आईने रात्री जागून पुरा करायचा आणि बापाने सकाळी गाडीतून जपून न्यायचा, एवढे मला ठाऊक होते. यात आजोबांनाही खाते असते हे नवीन कळले. रविवारी फोनच्या पडद्यावर नातीचे अर्धे कपाळ दिसले आणि आवाज आला, "आजोबा, तुम्ही हिस्टरीचे टीचर होता ना? मग मला हेल्प करा."

असे आमंत्रण मला निवृत्तीनंतर कोणीच दिले नव्हते. मी चष्मा पुसून कामाला लागलो.

पहिला धडा नातीनेच मला दिला. तिच्या राज्याचा पक्षी ठरलेला, फूल ठरलेले, झाड ठरलेले. प्राणी म्हणून घोडा आणि कीटक म्हणून मधमाशी. इथवर ठीक. पण या लोकांनी १९९१ साली राज्याचा डायनोसॉरसुद्धा ठरवून टाकला! १८५८ साली हॅडनफील्ड नावाच्या गावात त्याचा सांगाडा सापडला होता, म्हणून त्याचा मान. शेजारी भाजी निवडत बसलेली सौ. म्हणाली, "इश्श! मेलेल्याला कसला मान?" मी म्हणालो, "अगं, मान मेल्यावरच मिळतो. मी काय उगीच वाट बघतोय?"

नातीने लगेच विचारले, "आजोबा, महाराष्ट्राचा स्टेट बर्ड कोणता?" मी खोकलो. खोकणे हे मास्तरांचे जुने हत्यार आहे. तेवढ्यात सौ.ने पालकाची जुडी सोडत सांगून टाकले, "हरियाल. आणि प्राणी शेकरू, झाड आंबा, फूल तामण." ही बाई चाळीस वर्षे माझ्या घरात आहे आणि मला याचा पत्ता नव्हता.

मग मात्र मी हट्टाला पेटलो. पुण्याच्या वाचनालयातून पुस्तके आणली, मुलाने पाठवलेले वाचले, आणि काय सांगू, मंडळी, मला ते राज्य आवडू लागले. त्याचे बारसे झाले १६६४ साली. आता १६६४ म्हटले की आपल्याला काय आठवते? सुरतेची लूट! इकडे महाराज सुरत साफ करत होते, त्याच वर्षी तिकडे इंग्लंडच्या राजाच्या भावाने अमेरिकेतली जमीन आपल्या दोन दोस्तांना वाटून दिली. त्यांतला एक, जॉर्ज कार्टरेट, जर्सी बेटाचा गव्हर्नर होता. म्हणून ही नवी जर्सी. म्हणजे बेट एकच. गाईला त्याचे नाव मिळाले आणि राज्यालाही. तात्या अगदीच चुकले नव्हते.

जमीन वाटली खरी, पण ती रिकामी नव्हती. तिथे लेनापी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. हळूहळू त्यांना पश्चिमेकडे ढकलण्यात आले, ते ढकलत ढकलत पार ओक्लाहोमापर्यंत. नावे मात्र त्यांचीच राहिली. हॅकेनसॅक, पसेइक, रॅरिटन ही नावे त्यांच्या भाषेतून आलेली. गावाचे नाव ठेवून घ्यायचे आणि गावकऱ्याला काढून द्यायचे. हे वाचताना मला काहीतरी आठवल्यासारखे झाले. पण तेव्हा ते नीट उमगले नाही. ते पुढे सांगतो.

नातीला मी सर्वांत रंगवून सांगितली ती ट्रेंटनची लढाई. १७७६ सालचा नाताळ. वॉशिंग्टनचे सैन्य हरून, थकून, थंडीने कुडकुडत नदीच्या पलीकडे बसलेले. ट्रेंटनमध्ये इंग्रजांनी भाड्याने आणलेले जर्मन शिपाई. त्या रात्री डेलावेअर नदीतून बर्फाचे तुकडे वाहत असताना वॉशिंग्टनने सुमारे चोवीसशे माणसे होड्यांतून पार केली आणि सकाळी शत्रू सावध व्हायच्या आत छापा घातला. नऊशेच्या आसपास शिपाई कैद! मी म्हणालो, "बाळ, यालाच गनिमी कावा म्हणतात. हा आपल्या लाल महालात १६६३ सालीच झाला होता. फक्त इथे रमजान होता आणि तिथे नाताळ." नात म्हणाली, "म्हणजे वॉशिंग्टनने शिवाजीमहाराजांना कॉपी केलं?" मी एकतीस वर्षांची नोकरी स्मरून 'नाही' म्हणालो, पण जरा उशिराने म्हणालो.

दुसरी गोष्ट बायकांच्या मताची. न्यू जर्सीच्या १७७६ च्या घटनेत मतदानासाठी पन्नास पौंडांची मालमत्ता हवी, अशी अट होती. पुरुषच हवा असे म्हटलेच नव्हते. त्यामुळे मालमत्ता असलेल्या बायका खुशाल मते देत. १८०७ साली पुरुषांच्या हे लक्षात आले आणि त्यांनी तो हक्क काढून घेतला. तोवरही मते देत त्या कुमारिका आणि विधवा. कारण लग्न झाले की बाईची मालमत्ता नवऱ्याची होई. सौ. म्हणाली, "म्हणजे लग्न झालं की मत गेलं. यात त्या लोकांनी नवीन काय केलं?" या प्रश्नावर मी पुन्हा खोकलो.

आणि संस्कृती? संस्कृतीचा एकच दाखला देतो. न्यू जर्सीत आपल्या गाडीत आपण पेट्रोल भरायचे नाही. १९४९ पासून तसा कायदाच आहे. पंपावरचा माणूसच भरणार, आपण काच खाली करून आकडा सांगायचा. अमेरिकेतले हे एकच राज्य असे उरले आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, पंपावर गेलं की हिंजवडीच्या चौकात असल्यासारखं वाटतं." परदेशात माणसाला घर कशात सापडेल, सांगता येत नाही.

मुलगा राहतो त्या गावाचे नाव एडिसन. विजेचा दिवा करणारा तोच एडिसन. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. १८७७ साली फोनोग्राफ आणि १८७९ साली दिवा तिथे जन्मला. गावाने १९५४ साली त्याचे नाव घेतले. आता तिथल्या ओक ट्री रोडवर इडली, जिलबी, साडी आणि सोने असे सगळे मिळते. आमची समजूत अशी, की मराठी माणूस तिथे पोचला तो कॉम्प्युटर काखोटीला मारून.

तर तसे नाही. एडिसनपासून थोड्याच अंतरावर रोझेल नावाचे लहानसे गाव आहे. १९ जानेवारी १८८३ रोजी एडिसनने खांबांवरून तारा टाकून ते अख्खे गाव विजेने उजळले. डोक्यावरून तारा नेऊन दिवे लावण्याच्या पहिल्या काही प्रयोगांपैकी तो एक. आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात, त्याच गावात, अठरा वर्षांची एक मराठी मुलगी उतरली. आनंदीबाई जोशी!

त्यांची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. पण त्यात न्यू जर्सी किती आहे हे मला कधी दिसले नव्हते. गोपाळरावांनी कोल्हापुराहून पत्र लिहिले ते वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला. कोल्हापुरात अनेक वर्षे काढून तो परतला होता तो न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला, आणि तिथून मासिक काढत होता. त्याने ते पत्र छापले. रोझेलच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या, तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी ओळख ना पाळख अशा मुलीला पत्र घातले. पुढे ती मुलगी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली, तेव्हा तिला घरी नेणाऱ्या याच बाई. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकायला जाण्याआधीचे महिने त्यांनी या मावशीच्या घरी काढले. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठवल्या गेल्या. मी नातीला म्हणालो, "बाळ, तुमच्या कंपनीने मराठी माणसाला न्यू जर्सीला नेलं नाही. एका दाढदुखीने नेलं."

नात खूश. मी त्याहून खूश. आणि तिथेच तिने शेवटचे पान काढले. "आजोबा, आता लास्ट पेज. आपली फॅमिली कुठून आली? जांबेची हिस्टरी सांगा."

मी खोकलो. पण या वेळी खोकला पुरेना.

न्यू जर्सीचा डायनोसॉर मला पाठ झाला होता. आणि ज्या गावच्या मारुतीला मी पाळण्यात असल्यापासून नमस्कार करतो, त्याचे एक पानसुद्धा मला लिहिता येईना. शेवटी मला माझी आजी आठवली.

आजीचे माहेर मुळशी खोऱ्यातले. तिथे टाटांच्या कंपनीने धरण बांधायला घेतले, मुंबईला वीज द्यायची म्हणून. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव मिळाले ते याच लढ्यात. बायकासुद्धा तुरुंगात गेल्या. पण तीन वर्षांत लढा मोडला आणि धरण झाले. पन्नासच्या आसपास गावे पाण्याला गेली. ते पाणी घाटाखाली भिरा इथे सोडून १९२७ पासून वीज निघू लागली. ती गेली मुंबईला. आमच्या घरात दिवा लागला तो मी सातवीत असताना, आणि तोही रोज लागेच असे नाही. वीज गेली की आजी कंदिलाची काच पुसता पुसता म्हणायची, "माझं म्हायेर बुडवलं तवा म्हमईत दिवं लागलं. आन्‌ आमच्या नशिबी ह्यो कंदील!"

मी तेव्हा हसायचो. इतिहासाची परीक्षा जवळ आलेली असायची ना! समोर इतिहास कंदील पुसत बसलेला, आणि मी त्याला "आजी, जरा गप बस, पाठ करू दे" म्हणायचो.

हे सगळे मी नातीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या गावात टेम्पल कोणाचं होतं? ती कुठे खेळायची?"

मी एकतीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले. हे दोन प्रश्न आजीला विचारायचे राहून गेले.

प्रोजेक्टचा फोटो आला. शेवटच्या पानावर नातीने एक मोठा दिवा काढला होता. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात रोझेलचे खांब आणि तारा, खालच्या अर्ध्या भागात निळे पाणी, आणि पाण्यात छोटी छोटी कौलारू घरे. एका घराच्या दारात नऊवारीतली एक मुलगी. नाकात नथ. हातात कंदील.

तो फोटो मी तात्यांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला. म्हणाले, "माझ्या चुलत्याची सासुरवाड बी गेली त्यात. त्या म्हातारीला लई ठावं. अजून हाय ती, नव्वदीची." मी म्हणालो, "उद्याच जाऊ." तात्या म्हणाले, "उद्या डेरीचा पगार हाय. परवा." परवा तर परवा, शंभर वर्षे थांबलोच आहोत.

मग त्यांनी विचारले, "पोरीला मार्क किती पडले?"

"तिकडे अशा कामाला मार्क देत नाहीत, तात्या. नुसतं छान म्हणतात."

तात्यांना हे अजिबात पटले नाही. गोठ्याकडे वळत ते म्हणाले, "आन्‌ मंग फॅट लावल्याबिगर दर ठरवत्यात तरी कसा?"