प्रेक्षक का थांबतो, का उठून जातो?

डिसेंबर 1893 मध्ये लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात ऑर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधील रायशेनबाख धबधब्यात लोटून दिले आणि आपली सुटका झाली असे मानले. वाचक मात्र त्यांना सुटू देईनात. रागाची पत्रे आली, अनेकांनी मासिकाची वर्गणी बंद केली आणि अखेर 1903 मध्ये होम्सला जिवंत करणे लेखकाला भाग पडले. दूरचित्रवाणीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. परंतु ज्या प्रश्नाचा आज आपण विचार करणार आहो, तो तेव्हाच उभा राहिला होता. गुन्हेशोधाच्या आणि इस्पितळाच्या कथांना लोक वर्षानुवर्षे का धरून राहतात? आणि मग एके दिवशी त्याच कथांकडे पाठ का फिरवतात?

उत्कंठा हे या प्रश्नाचे सोपे उत्तर. पण इतिहास तपासू लागले की ते फार काळ टिकत नाही. अमेरिकेत ‘ड्रॅगनेट’ ही मालिका 1949 मध्ये नभोवाणीवर आणि डिसेंबर 1951 मध्ये दूरचित्रवाणीवर आली. जॅक वेब यांनी उभा केलेला सार्जंट जो फ्रायडे हा लॉस एंजेलिसच्या पोलीस दलातील साधा नोकरदार. कथा त्या दलाच्या दप्तरातून घेतलेल्या. तीत मारामारी थोडी. दारोदार हिंडून केलेली विचारपूस आणि नोंदीच फार. गुन्हेगार सापडणार हे प्रेक्षकाला ठाऊकच असे, आणि शेवटी त्याचे काय झाले तेही सांगितले जाई. 1971 पासून नियमित दिसू लागलेल्या ‘कोलंबो’ने तर खुनी कोण हे आरंभीच दाखवून टाकले. तरीही लोक बसून राहिले. खुनी माहीत असताना माणूस तासभर कशासाठी बसतो? मळक्या रेनकोटातला तो अधिकारी आपले काम कसे करतो, हे पाहण्यासाठी. उत्कंठा प्रेक्षकाला दारापर्यंत आणते. त्याला घरात बसवून ठेवते ती कामावरची निष्ठा.

केवळ उत्कंठेवर उभारलेल्या डोलाऱ्याचे काय होते, हे ‘ट्विन पीक्स’ने दाखवले. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ही मालिका एप्रिल 1990 मध्ये सुरू झाली. लॉरा पामर या तरुणीला कोणी मारले, या एकाच प्रश्नाने अमेरिकेला काही महिने झपाटले. लिंच यांच्या मनात उत्तर देणे नव्हतेच. वाहिनीच्या आग्रहावरून नोव्हेंबरात खुनी उघड झाला, आणि प्रेक्षक भराभर गळू लागले. जून 1991 मध्ये मालिका बंद पडली. उत्तर लांबवले तर लोक कंटाळतात, दिले तर उठून जातात. एका कोड्यावर जगणाऱ्या कथेची कोंडी ती हीच.

याच्या उलट कहाणी ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ची. जानेवारी 1981 मध्ये ती सुरू झाली तेव्हा प्रेक्षक फारच थोडे होते. एका ठाण्यातील पुष्कळ माणसे, एकमेकांत गुंतलेली कथानके, आणि भाग संपला तरी न संपणारे प्रश्न; लोकांना याची सवय नव्हती. त्याच वर्षी तिला आठ एमी पारितोषिके मिळाली आणि वाहिनीने तिला मुदत वाढवून दिली. मात्र दर भागात निदान एक तरी कथा तडीस जावी, असा आग्रह धरला. ही तडजोड व्यापारी होती, पण तीत मनुष्यस्वभावाची जाण होती. प्रेक्षक पुष्कळ अपूर्णता सहन करतो. परंतु आठवड्याकाठी एक तरी गाठ सुटलेली त्याला हवी असते.

इस्पितळाच्या कथांत ही गाठ मृत्यूशी असते, म्हणून तेथे कसोटी अधिक कठीण. ‘मॅश’ ही कोरियन युद्धातील लष्करी शस्त्रक्रियागृहाची मालिका 1972 मध्ये सुरू झाली. ते युद्ध तीन वर्षे चालले. मालिका अकरा वर्षे चालली! मार्च 1975 मध्ये हेन्री ब्लेक हा लोकप्रिय कर्नल घरी परतत असता त्याचे विमान पडल्याची वार्ता शस्त्रक्रिया चालू असतानाच येते. संतापाची पत्रे आली. पण लोकांनी मालिका सोडली नाही. 28 फेब्रुवारी 1983 चा अखेरचा भाग सुमारे साडेदहा कोटी लोकांनी पाहिला. होम्सच्या मृत्यूने तुटलेला वाचक आणि ब्लेकच्या मृत्यूनंतरही टिकलेला प्रेक्षक, यांत फरक कोणता? युद्धात माणसे अशीच जातात, हे प्रेक्षकाला मनातून पटले होते. दुःख त्याने पत्करले; लेखकाच्या सोयीसाठी केलेला मृत्यू मात्र तो पत्करीत नाही.

‘ई. आर.’ ही मालिका (1994 ते 2009) मायकेल क्राइटन यांच्या लेखणीतून उतरली. ते स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेले. शिकागोच्या एका इस्पितळातील अपघात विभाग, न थांबणारी धावपळ, अर्थ न सांगता उच्चारलेल्या वैद्यकीय संज्ञा. आणि तरीही सामान्य माणसाला सारे समजे. जॉर्ज क्लूनी 1999 मध्ये गेले, अँथनी एडवर्ड्स 2002 मध्ये. मालिका पुढे चालू राहिली. ‘लॉ अँड ऑर्डर’च्या पहिल्या वीस वर्षांत मूळ संचातील एकही नट अखेरपर्यंत उरला नाही. माणसे गेली, संस्था राहिली. रात्री कोणीतरी जागे आहे, हाच तेथला खरा नायक.

आपल्याकडे हाच अनुभव ‘सी. आय. डी.’ने दिला. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही जोडी त्याआधी मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेत एकत्र आली होती. तिचे नावच पोलिसांना बोलावण्याच्या दूरध्वनी क्रमांकाचे. जानेवारी 1998 मध्ये सुरू झालेली ‘सी. आय. डी.’ ऑक्टोबर 2018 पर्यंत दीड हजारांहून अधिक भाग चालली. तिच्या तपासातील भाबडेपणाची चेष्टा पुष्कळांनी केली, आणि चेष्टा करणारेही ती पाहत राहिले. डिसेंबर 2024 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पुढल्या एप्रिलात एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू दाखवला, प्रेक्षक रागावले, आणि प्रद्युम्न लवकरच परतला. रायशेनबाखच्या धबधब्याचे तुषार सव्वाशे वर्षांनी असे मुंबईपर्यंत पोहोचले.

ज्याने एखादी रात्र इस्पितळाच्या व्हरांड्यात काढली आहे, किंवा पोलीस ठाण्याच्या बाकावर आपली फिर्याद कोणी लिहून घेईल म्हणून वाट पाहिली आहे, त्याला या कथांची ओढ समजावून सांगावी लागत नाही. प्रत्यक्षात डॉक्टर येण्यास उशीर होतो, खटला वर्षानुवर्षे रेंगाळतो. पडद्यावर तासाभरात कोणीतरी येतो, ऐकून घेतो आणि उत्तर देतो. प्रेक्षक विकत घेतो तो हा भरवसा. त्यात धोकाही आहे: पडद्यावरचा वेग खरा मानला की खऱ्या तपासाला लागणारा धीर सुटतो, आणि झटपट न्यायाची चटक लागते. म्हणून मालिका जरूर पाहावी. पण ती संपल्यावर आपल्या गावच्या ठाण्यात आणि इस्पितळात रात्री खरोखर कोण जागे आहे, हेही एकदा विचारावे.