निकाल माहीत असलेली कुस्ती

माहितीपट ही डोळ्यांनी पाहायची गोष्ट आणि रेडिओवरून मी ती तुमच्या कानांवर घालणार, हे जरा उलटंच आहे. पण इतिहास शिकवत असल्यामुळे मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो, "सर, चांगले माहितीपट सांगा ना." कुणाला इतिहासाचे हवे असतात, कुणाला खेळाचे. मी दोघांनाही एकच यादी देतो. सुरुवातीला ती मुलं बुचकळ्यात पडतात.

असं करण्याला कारण आहे. आपल्या देशात पहिल्यांदा माहितीपट काढला तो एका मराठी माणसानं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा. मुंबईत त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे खेळ सुरू झाले, ते पाहून सावेदादांनी विलायतेहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. फीत धुण्याची सोय इथे नव्हती, ती विलायतेला पाठवावी लागली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९०१ मध्ये, केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे मुंबईत परतले. त्यांच्या स्वागताचंही चित्रीकरण सावेदादांनी केलं.

म्हणजे पहिल्या माणसानंच एकदा खेळ टिपला आणि एकदा इतिहास. त्याच्या लेखी दोन्ही एकच काम होतं, समोर घडतंय ते उद्यासाठी ठेवायचं. आज त्यातली एकही फीत उरलेली नाही.

खेळाचा आणि इतिहासाचा माहितीपट एकाच ठिकाणी फसतो. दोन्हींत प्रेक्षकाला निकाल आधीच ठाऊक असतो. कुस्ती कुणी मारली, लढाई कोण हरलं, हे पुस्तकात छापलेलं असतं. तरीही पुढे बघत राहावंसं वाटलं पाहिजे. ज्या माहितीपटात माणसं निकाल माहीत नसल्यासारखी वावरतात, तो टिकतो. बाकीचे म्हणजे निवेदकाचं भाषण आणि मागे सनई. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सरकारी अनुबोधपट लागायचे तेव्हा निम्मे लोक बाहेर चहा पीत असत, ते उगाच नाही.

आता आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करू. दादासाहेब फाळके १९१३ मध्ये मुंबईहून नाशिकला आले. १९१७ साली त्यांनी एक छोटा चित्रपट काढला, चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा. त्याचा काही भाग आजही शिल्लक आहे. स्वतः फाळके नटांना सूचना देताना दिसतात, फीत तपासताना दिसतात. 'राजा हरिश्चंद्र'मधले देवऋषी मला कधीच फारसे भावले नाहीत, पण हा कामात बुडालेला गृहस्थ मी कितीही वेळा पाहू शकतो. पौराणिक चित्रपट काढताना ते पुराण दाखवत होते. इथे त्यांनी नकळत १९१७ सालचं नाशिक दाखवलं.

हे तुकडे आपल्यापर्यंत पोचले, त्याचं श्रेय बरंचसं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांना जातं. फाळक्यांच्या घरच्या मंडळींकडून त्यांनी रिळं मिळवली. नायर यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट काढला. तो या यादीत वरच्या जागी ठेवा. फीत गोळा करणं हे किती चिकाटीचं काम असतं आणि ती किती सहज नष्ट होते, हे त्यातून कळतं. १९६४ साली स्थापन झालेल्या त्याच संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती जानेवारी २००३ मध्ये पुण्यात मोठ्या आगीत जळाल्या.

फाळक्यांनंतर नव्वद वर्षांनी याच नाशिक जिल्ह्यात पुन्हा कुणीतरी चित्रपट काढणाऱ्यांचा चित्रपट काढला. या वेळी मालेगावात. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' २००८ सालचा आहे. मालेगावच्या श्रोत्यांना त्याची कथा मी काय सांगणार! पण जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. नासिर शेख हे इथे व्हिडिओ पार्लर चालवायचे, लग्नांचं शूटिंग करायचे. २००० साली त्यांनी पन्नासेक हजारांत 'मालेगाव के शोले' काढला. त्यात गब्बरचे डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर येतात. चित्रपट गावात धो धो चालला. मग त्यांनी सुपरमॅन उडवायचा ठरवला आणि तो कसा उडतो, हे फैझा खान यांच्या कॅमेऱ्यानं पाहिलं.

सुपरमॅन होता शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा पोरगा. त्याला हिरव्या कापडासमोर आडवा धरायचं आणि संगणकावर मागे आभाळ जोडायचं. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो. मध्येच नायकाचं लग्न निघतं. खलनायकाला घाण आवडते आणि सगळं जग घाण व्हावं अशी त्याची इच्छा असते. हे सुचायला मालेगावच्या माणसाला लांब जावं लागलं नसेल.

लोक या माहितीपटाला विनोदी म्हणतात. मी तो इतिहासाच्या वर्गात दाखवण्याजोगा मानतो. मालेगावचा इतिहास लिहिताना आपण काय लिहितो? नारोशंकर राजेबहादूरांचा किल्ला, १८१८ चा वेढा, १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, १९२१ ची खिलाफतीच्या काळातली दंगल, २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट. यातलं काहीही खोटं नाही. पण या यादीतून असं वाटतं, की या गावात माणसं फक्त लढायला आणि मरायला जन्मली. शुक्रवारी माग बंद असताना ती काय करत होती, कशावर हसत होती, मोसम नदीच्या या काठावर पोरं कुणाची नक्कल करत होती, हे कागदपत्रांत सापडत नाही. ते या तासाभरात सापडतं. मागांचा खडखडाट, गल्ल्या, भिंती, लुंग्या, चहाचे पेले, पैशांची ओढाताण, लेखकांची आपसातली कुरकुर, सगळं.

शफीक २०११ मध्ये कर्करोगानं गेला. हा माहितीपट भारतातल्या चित्रपटगृहांत लागला जून २०१२ मध्ये. तोवर पडद्यावर उडणारा मुलगा राहिला नव्हता. पुढे याच मंडळींवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी चित्रपट काढला, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. तो चांगला आहे, जरूर पाहा. पण दोन्ही लागोपाठ पाहिले की मघाशी मी निकालाबद्दल जे म्हटलं ते लगेच ध्यानात येईल. २०२५ च्या चित्रपटाला शफीकचा शेवट ठाऊक आहे, त्यामुळे त्याच्या प्रत्येक हसण्यावर त्याची सावली पडते. २००८ च्या शफीकला काहीच ठाऊक नाही. तो फक्त हिरव्या कापडासमोर हात पुढे करून उडतोय. मला तो पाहवत नाही, आणि म्हणूनच मी तो पुन्हा पाहतो.

मागांचा विषय निघालाच आहे तर अंजली माँतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'साचा' पाहावा. २००१ सालचा आहे. गिरणीत मागाला साचा म्हणत, हे जुन्या मंडळींना ठाऊक असेल. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या नजरेतून तो गिरण्यांची मुंबई दाखवतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ती मुंबई विरून गेली आणि कापड मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या मागांवर अधिकाधिक निघू लागलं. आपल्या गल्लीतल्या खडखडाटाची मागची बाजू म्हणून तो पाहा.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' तीन तासांहून मोठा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी चौदा वर्षं या गोष्टीचा पाठपुरावा केला. २०११ साली चित्रपट पुरा झाला. त्यांची मतं सगळ्यांना पटतील असं नाही, पण शाहिरी ही महाराष्ट्रात अजून जिवंत परंपरा आहे, याचा एवढा सबळ पुरावा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

आता मैदानाकडे वळू. खेळाच्या माहितीपटांत मी 'टोकियो ऑलिंपियाड'ला पहिली पसंती देतो. १९६४ चं ऑलिंपिक आशियात पहिल्यांदाच भरलं होतं. कॉन इचिकावा या दिग्दर्शकानं शंभरावर कॅमेरे लावले आणि १९६५ मध्ये चित्रपट पुरा केला. संयोजक नाराज झाले. त्यांना विजेत्यांची नोंद हवी होती, आणि हा गृहस्थ हरणाऱ्यांचे चेहरे, भिजलेल्या छत्र्या, पळणाऱ्याच्या घोट्याचा स्नायू असलं काही दाखवत बसला. आफ्रिकेतल्या चाड या नव्या देशातून आलेला अहमद इसा हा धावपटू त्यात आहे. त्याला पदक मिळत नाही. तो भल्या मोठ्या भोजनगृहात एकटा जेवतो. पदकांची यादी कुठेही मिळेल, तो एकटा जेवणारा माणूस फक्त इथे मिळतो.

याच्या उलट लेनी रिफेनश्टालचा 'ऑलिंपिया'. तो बर्लिन ऑलिंपिकवर आहे, प्रदर्शित झाला १९३८ साली, हिटलरच्या वाढदिवशी. छायाचित्रण अप्रतिम आहे. ध्यानचंदच्या संघानं जर्मनीला ८-१ नं हरवलं ते हेच ऑलिंपिक. मात्र हा चित्रपट पाहताना पैसे कुणी दिले आणि कशासाठी, हे क्षणभरही विसरू नका.

मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या किन्शासामधल्या १९७४ च्या मुष्टियुद्धावरचा 'व्हेन वुई वेअर किंग्ज' रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांनी मिळून बघण्याजोगा. लिऑन गॅस्ट यांच्याकडे चित्रीकरण होतं, पण पैशांच्या अडचणींत चित्रपट अडकला आणि बावीस वर्षांनी, १९९६ मध्ये बाहेर आला. 'फायर इन बॅबिलॉन' (२०१०) वेस्ट इंडीजच्या क्रिकेटवर आहे. त्यात रग आहे, संगीत आहे. मात्र तो सगळा त्यांच्याच बाजूनं बोलतो. १९७६ मध्ये जमैकाला आपले फलंदाज जखमी झाले आणि बेदींना डाव सोडावा लागला, ते आठवणाऱ्या भारतीय प्रेक्षकाला तो थोडा वेगळा दिसतो.

'हूप ड्रीम्स' (१९९४) शिकागोच्या दोन काळ्या मुलांवर आहे, ज्यांना बास्केटबॉलपटू व्हायचंय. अर्ध्या तासाचा काढायचा होता. पाच वर्षं चित्रीकरण चाललं आणि तो जवळजवळ तीन तासांचा झाला. त्यातला माझ्या मते सर्वांत मोठा क्षण मैदानावर घडतच नाही. वीज कापलेल्या घरातली एका मुलाची आई परिचारिकेच्या अभ्यासक्रमात वर्गात पहिली येते, तो. कॅमेरा तिच्यासाठी आला नव्हता.

कॅमेऱ्याच्या आधीच्या इतिहासाचं काय, असं कुणी विचारील. भाड्याच्या मावळ्यांना तलवारी देऊन पळवायचं, हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे. मला तो नकोसा होतो. केन बर्न्स यांची १९९० ची 'द सिव्हिल वॉर' ही नऊ भागांची मालिका पाहा. जुनी छायाचित्रं, रिकामी रणांगणं आणि सैनिकांची पत्रं वाचणारे आवाज, एवढ्यावर ती उभी आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला, आत अरब शिबंदी होती. अशा पद्धतीनं तो वेढा सांगायला किल्ल्याच्या भिंती, मोसमचं पात्र आणि तेव्हाचे कागद पुरेत. घोडे लागणार नाहीत.

एक काम मात्र तुमच्या घरीच आहे. या गावात नव्वदीपासून हजारो लग्नं, मिरवणुका, कबड्डीचे आणि क्रिकेटचे सामने व्हिडिओ कॅसेटवर टिपले गेले. त्या कपाटांत, माळ्यावर पडून आहेत. टेपवरचा चुंबकीय थर झिजतो, पावसाळ्यात बुरशी धरतो. कॅसेट चालवायची यंत्रं बनवणारी जपानमधली शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली. चालू यंत्र असलेला एखादा जुना व्हिडिओवाला अजून सापडतो. त्याच्याकडून त्या संगणकावर उतरवून घ्या आणि डब्यावर साल व गल्लीचं नाव लिहा. नवरा-नवरीपेक्षा मागे उभे असलेले लोक, दुकानांच्या पाट्या, तेव्हाचा रस्ता हे पुढच्या माणसाला जास्त कामाचं असतं, म्हणून वऱ्हाडाची लांबण कापू नका.

बघायला कुठून सुरुवात करावी, हेही विचारतात. 'सुपरमेन'पासून करा, तासाभरात होतो. 'हूप ड्रीम्स' आणि 'टोकियो ऑलिंपियाड' दोन रविवारांत बसतील. 'जय भीम कॉम्रेड'ला एक अख्खी संध्याकाळ ठेवा, आणि मध्ये चहाला उठू नका.