खादर : नदीकाठच्या सखल जमिनीची संज्ञा

उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात नदीलगतच्या सखल आणि पुराच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीला 'खादर' असे म्हणतात. पुराबरोबर वाहून आलेला नवा गाळ या जमिनीवर वारंवार पसरतो. याउलट, पुराचे पाणी सहसा पोहोचत नाही अशा उंचावरील जुन्या गाळाच्या जमिनीला 'बांगर' किंवा 'भांगर' ही संज्ञा आहे. बांगरच्या मातीत 'कंकर' म्हणजेच चुनखडीचे खडे आढळतात. खादरची माती तुलनेने फिकट रंगाची, बारीक पोताची आणि अधिक सुपीक असते. पूर ओसरल्यानंतर तेथे भाजीपाला, काकडी व कलिंगडाची लागवड केली जाते.

अशा जमिनीची नावे प्रांतागणिक बदलतात. पंजाबात तिला 'बेट' म्हणतात. मात्र चहूबाजूंनी पाणी असलेली भूमी या मराठी अर्थाशी त्याची गल्लत करू नये. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात 'दियारा' हा शब्द प्रचलित आहे. मराठीत नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला 'मळई' म्हणतात.

महसुली नोंदींमध्येही हा भेद जपला गेला आहे. दिल्लीत 'चिल्ला सरोदा खादर' आणि 'चिल्ला सरोदा बांगर' अशी दोन स्वतंत्र गावे नोंदलेली आहेत. 'मदनपूर खादर' हे नावही यमुनेच्या सान्निध्याची साक्ष देते. जमीन कोणत्या प्रकारची आहे आणि तेथे पुराचा धोका किती, याची सूचना गावाच्या नावातच मिळते.

शहराच्या विस्तारात या सूचनेकडे दुर्लक्ष झाले आणि यमुनेच्या खादर क्षेत्रात वस्त्या व बांधकामे उभी राहिली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१५ मध्ये दिलेल्या निकालात यमुनेच्या पूरक्षेत्रातील बांधकामांना मनाई केली. १३ जुलै २०२३ रोजी दिल्लीतील जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली. तेथील धोक्याची पातळी २०५.३३ मीटर असून, १९७८ मधील २०७.४९ मीटरचा पूर्वीचा उच्चांक या पुराने मागे टाकला. सखल भागातील हजारो रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले.

पुराचे पाणी पसरू देणे आणि ते जमिनीत मुरवणे, हे खादरचे नैसर्गिक कार्य आहे. ही जमीन वर्षातील बराच काळ कोरडी दिसत असली, तरी ती नदीच्याच पात्राचा विस्तार आहे, हा अर्थ या जुन्या शब्दात सामावलेला आहे.