लोखंड आणि लाकूड यांची सोयरीक

डिसेंबरच्या ४ तारखेस येणाऱ्या संत बार्बरेच्या सणाचा आता बहुतेक कुटुंबांना विसर पडला आहे. १९६९ साली चर्चच्या पंचांगाची फेररचना झाली तेव्हा तिचे नाव सार्वत्रिक पंचांगातून वगळण्यात आले. तथापि तोफा चालविणाऱ्यांची ती आजही आश्रयदात्री आहे. हत्यारांविषयी लिहिणे धर्मगुरूस शोभते काय, असे कोणी विचारील. आमचे कुतूहल हत्यारापेक्षा बंदुकीचा दस्ता घडविणाऱ्या सुताराविषयी आहे. संत योसेफाच्या या व्यवसायबंधूकडे इतिहासाचे दुर्लक्ष झाले, कारण आरंभीच्या बंदुकांच्या नळ्या उरल्या आणि लाकूड बहुधा कुजून गेले.

जर्मनीतील हेसेन प्रांतातील टानेनबर्गचा किल्ला १३९९ साली उद्ध्वस्त करण्यात आला. १८४९ साली त्याच्या अवशेषांत काशाची एक छोटी बंदूक सापडली. लांबी सुमारे ३२ सेंटिमीटर. तिच्या मागील टोकास पोकळ खोबण आहे. भाल्याच्या फाळात काठी बसवावी तसा तीत लाकडी दांडा बसवीत. एका हाताने दांडा काखेत आवळायचा आणि दुसऱ्या हाताने बत्ती द्यायची! नेम कसला धरणार? इतर काही बंदुकांत नळी लाकडाच्या खाचेत ठेवून लोखंडी पट्ट्यांनी आवळीत. काही नळ्यांच्या खाली आकडा असे; तो तटाच्या भिंतीस अडकविला की बाराचा धक्का भिंत सोसत असे.

पुढे बंदूक खांद्यास लावण्याची रीत पडली. भिंतीचे काम माणसाच्या हाडांकडे आले आणि सुताराची खरी परीक्षा सुरू झाली. युरोपात अक्रोडाचे लाकूड विशेष पसंत केले जाई. ते पुरते वाळलेले हवे. ओले लाकूड पुढे वाकते आणि नळीस रेटते. मुठीच्या बारीक भागात रेषा उभ्या न गेल्या तर दस्ता तेथेच मोडतो. नळीची खाच कोरण्याची जुनी रीत मोठी चिकाटीची आहे. नळीला काजळी फासायची, ती खाचेत दाबायची, उचलायची. जेथे काळा डाग उमटला तेवढेच लाकूड पटाशीने खरवडायचे. पुन्हा काजळी, पुन्हा पटाशी. नळीच्या बुडाशी तर केसभर फट राहता कामा नये, कारण बाराचा सारा धक्का त्या जागी लाकडावर येतो. तेथे पोकळी राहिली की आज ना उद्या दस्ता चिरतो.

नळी जागेवर राहावी म्हणून तिच्या खालच्या अंगास लहान कड्या बसवीत आणि दस्त्यातून आडव्या खिळ्या त्यांत ओवीत. बूड बंद करणाऱ्या मळसूत्री बुचास मागे लोखंडी शेपूट ठेवून तेही दस्त्यास स्क्रूने जखडीत. आपल्याकडील तोड्याच्या बंदुकांत मात्र नळी धातूच्या पट्ट्यांनी किंवा चामड्याच्या वाद्यांनी दस्त्यास बांधलेली दिसते. ही बांधणी आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. सैल झाली तर कोणत्याही गावात पुन्हा आवळता येते.

१५४३ साली पोर्तुगिजांची बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचली; गोव्याहून निघालेले संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमास उतरले, त्याच्या सहा वर्षे आधी. तेथील लोहारांना बुडाचे मळसूत्र प्रथम साधेना, असे १६०६ च्या एका जपानी ग्रंथात म्हटले आहे. दस्त्याच्या बाबतीत मात्र त्यांनी आपलीच वाट धरली. शेपटीचा स्क्रू त्यांनी घेतला नाही. नळी ते बांबूच्या खिळ्यांनी बसवीत. खिळ्या ठोकून काढल्या की ती साफ करण्यासाठी सहज उचलून घेता येई.