तळटीप : ‘किर्लोस्करांची मोटार’

* काटोलकडील संत्र्याच्या बागेच्या वर्णनात लेखकाने जिचा ओझरता निर्देश केला आहे, ती विहिरीवरची विजेची मोटार होय. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाधिपतींच्या आश्रयाने १९१० साली कुंडलच्या ओसाड माळावर जी वसाहत उभारली, तेथे लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे यांच्यामागून पाण्याचे पंप सिद्ध झाले. आणि पंप आला म्हणजे तो फिरविणारे साधन परमुलखातून किती काळ मागवावे, हा प्रश्न ओघानेच उपस्थित झाला. त्यातूनच १९४६ मध्ये म्हैसूर संस्थानातील बंगळुरास ‘किर्लोस्कर इलेक्ट्रिक’ स्थापन होऊन मोटारींच्या जोडीला जनित्रे व रोहित्रे यांचेही उत्पादन तेथे सुरू झाले. हा विस्तार मला हव्यासाचा वाटत नाही. तांब्याची तार, पोलादी पत्रे व वेटोळी गुंडाळण्याचे कसब ही सामग्री या तिहींस समानच लागते.

बागायतदारास प्रिय झालेल्या त्रिकला (‘थ्री-फेज’) मोटारीच्या फिरत्या भागात पिंजऱ्यासारख्या दांड्या असतात, कार्बनचे ब्रश नसतात. म्हणून तिची निगा थोडी. मात्र तीनपैकी एक ‘फेज’ गेली असता ती तशीच चालू ठेवल्यास वेटोळे जळते, आणि मग तालुक्याच्या ‘रिवाइंडिंग’वाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

लेखकाने मोटारींचा हा कारखाना पुण्याचा म्हटला आहे, ते बरोबर नाही. पुण्यास १९४६ मध्येच किर्लोस्करांचा जो कारखाना निघाला तो तेलावरील इंजिनांचा.
— संपादक, नागपूर